ससा घरी शिजवायचा कसा? (फार्मवरचा आहे, आधीच सांगतो)

धुऱ्यावरचा
रामराम मंडळी. आमच्या दिग्रसकडं शेजारच्या गावात एका पोट्ट्यानं सशाचा फार्म टाकला हाय, पांढरे, लाल डोळ्याचे, न्यूझीलंड व्हाइट म्हणते त्याले. रविवारी एक साफ करून देतो म्हणाला, किलोभर मटन निघते म्हणे. घरात कोणालेच याचं काही माहीत नाई. मायले इचारलं तं ती म्हणे तुहा आजा रानातला आणे तवा चुलीवर करत जाऊ, पण तिच्या ध्यानात एवढंच हाय का लय वेळ शिजे अन् तरी कोरडाच लागे. मले साधं सोपं सांगा. कुकर हाय, चूल हाय, ओव्हन-बिव्हन नाई. बोकडासारखा करायचा का कोंबडीसारखा? अन् कोणाले रानसशाची जुनी पद्धत ठाऊक असन तं तेही लिहा, ती याले चालते का पाहू.

पऱ्हाटीवाला
बोकडासारखा. विषय संपला.

तर्रीबाज
विषय कसा संपला भाऊ, सुरू तर होऊ द्या 😄 माझं मत कोंबडीसारखा. पांढरं मटन असते ते, बोकडाच्या हिशोबाने शिट्ट्या काढल्या तर धागे धागे होऊन जाते.

पऱ्हाटीवाला
तुम्ही खाल्ला का कधी?

तर्रीबाज
नागपूरला एका मित्राकडे. त्याने कुकरमध्ये लावला आणि क्रिकेट पाहत बसला. रस्सा एक नंबर, बोट्या शोधाव्या लागल्या.

वनातला_माणूस
वनखात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. धागाकर्त्याने फार्मवरचा म्हणून सुरुवातीलाच लिहिलं ते चांगलं केलं. पण "रानसशाची जुनी पद्धत" वाचून कोणाला हुरूप यायला नको म्हणून सांगून ठेवतो. आपल्याकडचा रानातला ससा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली येतो. मारणं, फासा लावणं, मटण जवळ ठेवणं, विकत घेणं, सगळं गुन्ह्यात बसतं. बरेच जण म्हणतात तो खालच्या अनुसूचीत आहे, काही होत नाही. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूच्याच सहाच्या चार झाल्या, १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे ते, जुना हिशोब डोक्यातून काढा. वावरात मेलेला सापडला तरी उचलून घरी नेऊ नका, बीटवाल्याला, म्हणजे वनरक्षकाला कळवा.

आणि सशासाठी लावलेला तारेचा फासा ससा पाहून आवळत नाही. त्यात खवल्या मांजर येतं, कोल्हा येतो, बिबट्याचा पाय अडकतो. मी अशी जनावरं सोडवली आहेत, सगळी जगली नाहीत.

पऱ्हाटीवाला
साहेब बरोबर हाय तुमचं, पण हरभरा उगवला का शेंडे कोण खाते? जागलीले तुम्ही येता का?

वनातला_माणूस
जागलीला मी माझ्याच वावरात जातो, डुकरांमुळे. सशाने शेंडा खाल्ला तर हरभऱ्याला फुटवे येतात, शेंडे तर तुम्ही स्वतःच खुडता. डुक्कर आणि रोही (नीलगाय) घुसले तर मात्र वावर साफ. त्यात ससा कुठे आला?

पऱ्हाटीवाला
हे मात्र खरं हाय. डुकरांचा धागा वेगळा काढा कोणी, तिथं भेटतो.

झाडीपट्टी_जी
आमच्या साकोलीकडे म्हातारे लोक सांगत जी, ससा मारून आणला की आधी केस जाळायचे, मग हळद लावून चुलीच्या वर धुरात टांगून ठेवायचा एक रात्र. दुसऱ्या दिवशी तुकडे, मोहाच्या बियांचं तेल, लसण, मिरची, मीठ. बस. कांदा-खोबरं काही नाही. भातासोबत खायचे. आता ते दिवस गेले जी, आणि कायदा आहे तर आहे. पण धुराची गोष्ट फार्मवाल्या सशावर करून पाहायला हरकत नाही.

पुणेरी_पाहुणा
एक शंका. रानातला ससा आणि फार्मवरचा ससा हे एकच ना? एक मोकळा आणि एक पिंजऱ्यात, एवढाच फरक?

अकोट_ते_ओटागो
नाही दादा, दोन्ही वेगळे प्राणी आहेत. मी मूळ अकोटचा, सध्या न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर एका डेअरी फार्मवर कामाला आहे, इकडे दोन्ही प्रकारचे दिसतात म्हणून पक्कं माहीत आहे. फार्मवरचा ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या रानसशापासून पाळीव झालेला आहे. आपल्या वावरातला बिळात राहत नाही, गवतात नुसता खोलगट बसका करून राहतो, कान आणि पाय लांब. बिळातल्याची पिल्लं बिनकेसाची, डोळे मिटलेली जन्मतात, आपल्या वाल्याची केसासकट आणि डोळे उघडे. मटणही वेगळं. आपल्या जातीचं लालकाळं आणि उग्र, फार्मवाल्याचं पांढरं आणि सौम्य. म्हणून धागाकर्त्याच्या मायची पद्धत जशीच्या तशी लावू नका, पोट्ट्याने दिलेला ससा तेवढा वेळ चुलीवर ठेवला तर तर्रीबाज भाऊंच्या मित्रासारखं होणार.

आता इकडची गोष्ट. इथे बिळात राहणारा ससा कायद्यानेच 'पेस्ट', म्हणजे उपद्रवी प्राणी आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात आणून सोडले, मग डोंगरच्या डोंगर खरवडून काढले त्यांनी. १८७६ मध्येच सशांच्या उपद्रवावर कायदा करावा लागला. ऑस्ट्रेलियात तर १८५९ मध्ये एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी दोन डझनाच्या आसपास सोडले आणि त्याचं काय झालं ते जगाला माहीत आहे. इथे १९९७ मध्ये सरकार नाही म्हणत असताना काही शेतकऱ्यांनी सशांना मारणारा व्हायरस चोरून आणला, आणि २०१८ मध्ये त्याचाच नवा प्रकार अधिकृतपणे सोडला गेला. अलेक्झांड्रा नावाच्या गावात ईस्टरला सशाच्या शिकारीची स्पर्धा भरते. तर इकडे रानातला ससा मारणं म्हणजे मालकावर उपकार. आमचा मालक बंदुकीने मारतो आणि आम्हाला देतो, मी माझ्या पद्धतीने करतो. जेवण झालं की पद्धत लिहितो, आत्ता दूध काढायची वेळ आहे.

तर्रीबाज
बघा, अकोटच्या माणसाला ससे फुकट आणि आम्हाला इथं कोंबडीचा भाव रोज वाढते.

शाकाहारी_पण_वाचतो
मी फक्त वाचायला आलोय. वांग्याचा धागा केव्हा?

सांबारवडी
दादा तुम्ही प्रत्येक मटणाच्या धाग्यावर सगळ्यात आधी असता 😂

वऱ्हाडीकाकू_अचलपूर
आता मी सांगते. आमच्या यजमानांना फार्मवरचा आवडतो, माझा हात बसला आहे त्याच्यावर.

पहिली गोष्ट, सशात चरबी नसते. बोकडाला स्वतःचं तेल सुटतं, याला काही सुटत नाही, म्हणून तो कोरडा लागतो. शिट्ट्या वाढवून कोरडेपणा जात नाही, उलट वाढतो. तेल आपण द्यायचं. मी नेहमीपेक्षा पळीभर जास्त घालते, आणि अर्धं जवसाचं घालते, मिळालं तर.

आणल्यावर मिठाच्या थंड पाण्यात तासभर ठेवायचा. रक्त सुटतं, वास जातो. पाठीवर आणि मांडीवर पांढरट चमकदार पापुद्रा असतो, तो सुरीच्या टोकाने उचलून ओढून काढायचा. बहुतेक बाया हे करत नाहीत आणि मग म्हणतात चिवट झाला. तो पापुद्रा आकसतो आणि मटणाला आवळून धरतो.

मग हळद, मीठ, आलं-लसूण, वाटीभर दही लावून दोन तास. दही आंबट नको.

मसाला आपला नेहमीचा, कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर भाजून, खसखस, धने, दगडफूल, दोन लवंगा, मिरे, दालचिनीचा तुकडा. पाट्यावर वाटलं तर उत्तम. तिखट भिवापुरी असेल तर रंग चांगला येतो पण हात आवरून घाला, कोंबडीपेक्षाही सौम्य मटण आहे, नुसतं तिखटच लागेल. तेलात मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा, मग बोट्या टाकून दहा मिनिटं परतायच्या, मग गरम पाणी. थंड पाणी घातलं तर मी स्वयंपाकघरातून बाहेर काढते माणसाला. झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. झाकणावर पाणी ठेवायचं. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. भाकर ज्वारीची.

धुऱ्यावरचा
काकू नंबर एक. कुकरमध्ये करायचं असन तं किती शिट्ट्या?

वऱ्हाडीकाकू_अचलपूर
कोवळा असेल तर दोन, आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. मी कुकर लावत नाही.

पऱ्हाटीवाला
कच्ची पपई लावा ना, दोन इंच तुकडा किसून. आमच्याकडं म्हाताऱ्या बोकडाले लावतो, लोण्यावाणी होते.

वऱ्हाडीकाकू_अचलपूर
म्हाताऱ्या बोकडाला लावा. तीन महिन्यांच्या सशाला पपई लावली तर वरून पिठूळ होतो आणि आतून तसाच राहतो.

पऱ्हाटीवाला
काकू आज कोणालेच सोडत नाई 🙏

सावजीचा_भाचा
सावजी पद्धतीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, आमच्या मामाकडे हलबा कोष्टी घराची पद्धत आहे. काकूंच्या मसाल्यात शहाजिरं, मोठी वेलची आणि तेजपान येतं, सगळं जास्त काळसर भाजलेलं, आणि घट्टपणासाठी ज्वारी भाजून तिचं पीठ. पण खरं सांगू का, सशाला सावजी मसाला मला नाही आवडला. तो मसाला चरबीवाल्या मटणासाठी आहे, खुराला, मुंडीला. सशात मसालाच मसाला लागतो आणि ससा कुठे गेला कळत नाही. मामा हे वाचत नाही म्हणून लिहिलं.

तर्रीबाज
स्क्रीनशॉट काढला आहे.

अकोट_ते_ओटागो
आलो परत. काकूंनी पापुद्र्याचं सांगितलं ते शंभर टक्के. माझी भर फक्त रानातल्या सशावरून जे शिकलो त्याची, ती फार्मवाल्यालाही चालते.

ससा पूर्ण एका पातेल्यात एकसारखा शिजत नाही. मागच्या दोन तंगड्या सगळ्यात मेहनती, त्यांना वेळ लागतो. पुढचे पाय बारीक, हाडं जास्त, पण रश्श्याला तेच चव देतात. आणि मधली पाठ, म्हणजे कण्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, ती एकदम नाजूक, दहा-पंधरा मिनिटांत होते आणि त्याच्या पुढे गेली की भुसा. इथल्या रानातल्या मोठ्या सशाच्या तंगड्या मी दीड-दोन तास ठेवतो, फार्मवाल्याला काकूंचा पाऊण तास बरोबर आहे. म्हणून मी सुरुवातीला फक्त पाय आणि बरगड्या टाकतो, पाठीचे तुकडे शेवटी टाकतो. एवढं एक केलं तर अर्धं काम झालं.

कोवळा का म्हातारा ते कानावरून कळतं. कान पातळ, ओढला तर सहज फाटतो आणि नखं टोकदार असली तर कोवळा. म्हाताऱ्याचा कान चामड्यासारखा. साफ करून मिळाला तर ही परीक्षा गेली, मग फार्मवाल्याला वय विचारा. पांढरे ब्रॉयलर साधारण बारा आठवड्यांत दोन किलोला येतात, तेव्हाचा घ्यायचा. पैदाशीतून काढलेली मादी देत असेल तर तिचा वेळ दुप्पट धरा.

इथले गोरे लोक काय करतात तेही सांगतो. डुकराच्या खारवलेल्या चरबीचे तुकडे आधी तळून त्यात ससा परततात, म्हणजे काकूंचीच गोष्ट, तेल बाहेरून द्यायचं. मग गाजर, कांदा, सफरचंदाची दारू नाहीतर नुसतं पाणी, आणि ओव्हनमध्ये ठेवून विसरून जातात. फ्रेंच लोक मोहरीची चटणी चोपडून करतात, वरून साय. माल्टा देशात तर सशाचा रस्सा हेच राष्ट्रीय जेवण समजतात, लसूण आणि लाल वाइन घालून. स्पेनच्या व्हॅलेन्सियाकडची मूळ पाएया म्हणतात त्या भातातही कोंबडीसोबत ससा असतो. मोहरीचं मी करून पाहिलं, आपल्या मोहरीच्या डाळीची फेसलेली चटणी आणि दही लावून. बरं लागतं, पण भाकरीसोबत नाही जात.

अजून एक, इथे रानातला ससा घेताना मी आधी विचारतो की त्या डोंगरावर विष टाकलं होतं का. सशासाठी विष लावलेली गाजरं टाकतात इकडे. माहीत नसलेल्या ठिकाणचा मी घेत नाही. छर्रे पण पाहावे लागतात, दाताखाली आला की डेंटिस्ट इथे बोकडापेक्षा महाग.

पुणेरी_पाहुणा
छान माहिती. सशामुळे काही आजार होतो असं ऐकलं होतं, ते काय?

पशुवैद्य_यवतमाळ
युरोप-अमेरिकेत रानटी सशांमध्ये टुलारेमिया नावाचा जिवाणूजन्य आजार असतो, सोलताना हाताच्या जखमेतून लागतो म्हणून तिकडे हातमोजे घालून सोलतात. मटण आतपर्यंत शिजलं, म्हणजे ७१ अंश सेल्सिअसच्या वर गेलं, तर त्याची भीती राहत नाही. आपली रस्सा पद्धत त्याच्या कितीतरी पुढे जाते.

फार्मवरच्या सशात मी पाहतो तो कॉक्सिडिओसिस. पिंजरे ओले, घाण असले की होतो. त्याची खूण कलेजीवर दिसते, पांढरट-पिवळट ठिपके किंवा गाठी. म्हणून साफ करून घेताना कलेजी सोबत मागून घ्या. गुळगुळीत, एकसारखी तांबूस-काळी असेल तर चांगलं. ठिपके असतील तर घेऊच नका आणि फार्मवाल्याला औषधपाण्याचं विचारा. तो आजार माणसाला होत नाही, पण जनावर निरोगी नव्हतं एवढं तर कळतं.

दारव्ह्याचा_दादा
फार्मचा विषय निघालाच तर. आमच्याकडे काही वर्षांआधी एक जण जोड्या विकून गेला. पिंजऱ्यासहित पॅकेज, पिल्लं आम्हीच परत घेऊ म्हणे, लेखी करार. एकतीस दिवसांत वीत होते, तुम्ही मोजत बसाल म्हणे. मोजतच बसलो. ससे वाढले, त्याचा फोन बंद. शेवटी गल्लीतल्या पोरांना फुकट वाटले, त्यांनी नावं ठेवली, आता त्यातला एकही ससा कोणी कापू देत नाही.

सांबारवडी
हाच तर प्रॉब्लेम आहे. माझ्या मुलीला कळलं की ताटात ससा आहे तर ती माझ्याशी बोलणार नाही. कोंबडीचं काही वाटत नाही तिला.

शाकाहारी_पण_वाचतो
मुलीला माझा नमस्कार सांगा.

धुऱ्यावरचा
दारव्ह्याचे दादा, आमचा पोट्टा तसा नाई, तो स्वतःच विकते, हॉटेलवाले नेतात त्याच्याकडून. पण मले एक सांगा, अकोटच्या भाऊनं पाठ वेगळी म्हटली. मी ती रश्श्यात टाकूच नये अन् भाजली तं? पळसाचे पानं इथं धुऱ्यावरच हायेत.

झाडीपट्टी_जी
भाजा जी, नक्की भाजा. पानगे करतो ना आपण, तसंच. पाठीचे तुकडे हळद, मीठ, लसण, तिखट आणि भरपूर तेल लावून ठेवा. तेल कमी पडलं तर पानाला चिकटते. दोन-तीन पानं एकावर एक, काडीने टाचा, वरून अजून एक ओलं पान. गवऱ्यांचा जाळ नको, जाळ विझून इंगळ राहिले की त्यात दाबा. वीस मिनिटांनी एक पुडी उघडून पाहा. मटन पांढरं झालं आणि दाबल्यावर पाणी गुलाबी नाही आलं तर काढून घ्या. पाहत पाहत अजून पाच मिनिटं ठेवायचा मोह होते, तिथंच बिघडते.

वऱ्हाडीकाकू_अचलपूर
हे चांगलं सांगितलं. तेलाऐवजी तूप लावा, आणि दह्यातली पाठ भाजायला नको, पाणी सुटतं. पाठ दह्यात घालूच नका, वेगळी काढून ठेवा.

पऱ्हाटीवाला
म्हणजे तंगड्या बोकडासारख्या अन् पाठ कोंबडीसारखी. मी अन् तर्रीबाज दोघंही बरोबर.

तर्रीबाज
पऱ्हाटीवाला भाऊंशी सहमत होण्याची वेळ आली, पाऊस येणार आज.

धुऱ्यावरचा
(सोमवार) केला काल. कलेजी मागून घेतली, साफ होती. तंगड्या अन् बरगड्या काकूच्या पद्धतीनं, चुलीवर, पापुद्रा काढताना अर्धा तास गेला अन् बायकोनं दोन वेळा इचारलं का सोलू रायले का शिवू रायले. पाऊण तासात तंगड्या नाई झाल्या, अजून वीस मिनिटं लागले, पोट्ट्यानं जरा मोठा दिला वाटते. रस्सा फर्मास. पाठ पळसाच्या पानात केली, तेच सगळ्यात आधी संपलं, मले एकच तुकडा भेटला. माय म्हणे हा ससा गोड हाय, आमच्या वेळचा उग्र राहे, अन् तिनं रश्श्यात अजून तिखट टाकून घेतलं.

बारीक हाडं मात्र लय निघतात, लेकरायले द्यायचं असन तं पुढच्या पायाचे तुकडे देऊ नका.

वऱ्हाडीकाकू_अचलपूर
वीस मिनिटं जास्त लागली म्हणजे आच कमी होती नाहीतर ससा जून होता. कलेजीचं काय केलं?

धुऱ्यावरचा
कलेजी तव्यावर मीठ-मिरे लावून, स्वयंपाक होईपर्यंत मीच खाऊन टाकली.

पशुवैद्य_यवतमाळ
तव्यावर पूर्ण शिजवली ना? आतून गुलाबी ठेवायची नाही.

धुऱ्यावरचा
हाव साहेब, कडक केली.

अकोट_ते_ओटागो
उरलेली हाडं टाकली का? ती आणि बरगड्या कांदा-लसूण घालून उकळा, त्या पाण्यात दुसऱ्या दिवशी खिचडी लावा.

धुऱ्यावरचा
हाडं कुत्र्यानं नेले. पुढच्या वेळी.